आत्यानं मागितलं

"अगं, हात चालव! झोपा काढायला आलीस व्हय?" मालिया म्हातारी एकीवर ओरडली आणि ओंडक्याभोवतीच्या बाया हसल्या. हातातल्या लाकडी मोगऱ्या मात्र थांबल्या नाहीत. सालीचं कापड कुटताना गप्प बसणारी बाई आजारी असणार, असं टोंगा बेटांवरच्या बाया धरून चालतात. इथं तर सातही जणी एकदम बोलत होत्या.

नऊ वर्षांची मेलेआने ओल्या साली पुरवत होती. लहानपणी तिचे कान फार वाहिले. एकटं माणूस बोललं की तिला नीट कळे. चार आवाज जमले की सगळ्याचा काला. मग ती बोलणाऱ्याच्या तोंडावर नजर ठेवायची. ओठ कधी मिटले, जीभ दातांना कुठं लागली, एवढं टिपलं की उरलेलं कान भरून काढत. ही सवय तिची तिलाच लागली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. "घुबडासारखी काय बघतीस?" एवढंच आई म्हणायची.

समोर आई, लोसा, बसली होती. शेजारी वावाउ बेटाहून आलेली फिफिता आत्या. आई आत्याकडं सरकून पुटपुटली. कुटण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण मेलेआनेची नजर तिच्या ओठांवर होती.

"तुम्हीच मागा मेलेआनेला. सगळ्यांदेखत."

आत्या दचकली. "मी? माझीच तीन हैत की."

"आत्यानं मागितलं तर भावजयीला न्हाई म्हणता येत न्हाई. मग मला कोण नावं ठेवंल? मास्तरीण रोज बोलावती, पोर ऐकत न्हाई म्हणून. धाकटा अजून अंगावर पितोय. मी दमले वो, वन्सं."

मेलेआनेच्या हातातली साल मातीत पडली. आत्या आली त्या सकाळीच तिनं आईला विचारलं होतं, "मला न्यायला तर आली न्हाई ना?" आई म्हणाली होती, "खुळी का काय? तुला देईन व्हय मी?"

आत्या नाही म्हणेल. मेलेआने तिच्या ओठांकडं बघत राहिली.

मग आत्यानं मोगरी खाली ठेवली. "लोसा, ही पोर मला दे."

कुटणं थांबलं. आईनं छातीवर हात ठेवला, डोळे पुसले. "आत्याचा हक्क हाय. मी कोण अडवणारी?"

"धन्य गं माउली!" मालिया म्हणाली. "काळीज काढून दिलंस." दोघी-तिघी रडू लागल्या. आत्या खाली बघत होती.

आई उठून आली. मेलेआनेचं तोंड ओंजळीत धरून म्हणाली, "माझा इलाज न्हाई गं, बाळा."

मोगऱ्या थांबलेल्या, आई इतकी जवळ; तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला. ओठांकडं बघायची गरज नव्हती. तरी तिनं बघितलं.

मग आवाज न काढता, नुसते ओठ हलवून ती म्हणाली, "मी बघितलं."

"काय म्हणतीस? मोठ्यानं बोल की."

मेलेआनेनं मातीत पडलेली साल उचलली, झटकली आणि आईच्या हातात दिली.