मांडवाला भिंती नसतात

"या काकू कोण?" नवरदेवाच्या पुण्याच्या मित्रानं मोबाइल वर धरत विचारलं.

भाग्येश गिटारच्या प्रोसेसरवर, आवाजाला रंग देणाऱ्या यंत्रावर, वाकला होता. मान वर न करता तो म्हणाला, "गल्लीतल्या आहेत."

गल्लीतल्या त्या काकू म्हणजे त्याची आई, गजराबाई.

लोणखेड्याला चुलतबहिणीची, स्वप्नालीची हळद होती. तळोद्याहून वरपक्ष उष्टी हळद घेऊन आला होता. सोबत नवरदेवाचे पुण्याचे मित्रही होते. दिवसा ठिबकच्या नळ्या विकणारा भाग्येश लग्नसराईत शहाद्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मघाशी त्याच मित्रानं त्याच्या पाठीवर थाप मारली होती, "भावा, टोन कसला भारी आहे! तू इथं काय करतोयस?" त्या थापेची ऊब अजून पाठीवर होती. तेवढ्यात रतिलालकाकांनी, नवरीच्या वडिलांनी, आरोळी ठोकली, "आते गजरावहिनीनं गानं व्हऊ द्या!"

मिक्सरचा इको बिघडला होता, म्हणून माईकची तार भाग्येशच्या प्रोसेसरमधून गेली होती. गजराबाईंनी माईक मुठीत धरला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर बसलेल्या नवरदेवाच्या आईला, सिंधुबाईंना विचारलं, "आयकू येस का व, इहीनबाई?"

"येस, येस, मॅडम!" पुण्याची पोरं ओरडली आणि एकमेकांच्या खांद्यावर कोसळली.

भाग्येशचे कान तापले. नाशिकच्या वसतिगृहात याच अहिराणी 'येस'वरून त्याला वर्षभर चिडवलं होतं. 'येस' टाकून 'येतं' म्हणायला तो तिथंच शिकला. आता आई अख्खं गाणं म्हणणार होती, आणि पोरांचे मोबाइल ते टिपणार होते.

त्यानं रिव्हर्बची 'हॉल' सेटिंग लावली. घुमारा म्हणजे भिंतींवरून परत आलेला आवाज. मांडवाला भिंती नसतात, म्हणून हे यंत्र खोट्या भिंती उभ्या करतं. किती मोठा हॉल आणि आवाज किती वेळ रेंगाळावा, ते बटणानं ठरवायचं. तिसरं बटण 'मिक्स'चं, म्हणजे मूळ आवाज किती आणि घुमारा किती. गिटारसाठी ते तो पाव भागाच्या पुढं कधी नेत नसे. आज त्यानं ते फिरवत फिरवत जवळजवळ टोकाला नेलं.

"सिंधुबाई उनी मिरवत मिरवत, जिलबी खादी लपत लपत..."

पहिलं नाव मांडवात पोचायच्या आत दुसरा शब्द त्याच्यावर चढला, त्यावर तिसरा. चाल तेवढी राहिली. शब्दांचा काला झाला. प्रत्येक कडव्यानंतर गजराबाई थांबत होत्या. तिथं हसू यायचं असतं, वरपक्षाच्या बाईनं उलट टोला द्यायचा असतो. कोणी हसलं नाही. त्या क्षणभर वाट पाहायच्या आणि पुढचं कडवं उचलायच्या.

"भारी!" मित्र म्हणाला. "देवळात बसल्यासारखं वाटतंय."

टाळ्या पडल्या. सिंधुबाईंनी मात्र हळदीचं ताट सरकवलं आणि पाण्याचा पेलाही न घेता त्या उठल्या.

सकाळी रतिलालकाका ओट्यावर येऊन बसले. "वहिनी, इहीन रुसी बठनी. म्हने, हाळदले उनू आनि मन्हं नाव बी कोनी लिधं नही. आम्हले काय दगड समजनात का?"

गजराबाईंचा शेंगा निवडणारा हात थांबला. गाण्यात नाव घेऊन ज्याला चिडवत नाहीत त्याला मोजलंच नाही, हे त्यांनीच सुनांना शिकवलेलं.

"अरे भाऊ, मी तं दोनदा लिधं तिनं नाव!" मग त्यांची जीभ समोरच्या रिकाम्या हिरडीवरून फिरली. "दात पडनात ना. शब्द मोडत व्हतीन. आते मन्हं गानं बस व्हयनं."

काका गेल्यावर त्या भाग्येशला म्हणाल्या, "शेवटला तुन्हं बी नाव लिधं व्हतं रे. आयकं नही का?"

"काय म्हनं व्हतं?"

"जाऊ दे. शिळं गानं परत म्हनतस का कोनी?"

"माय, दोष तुन्हा नही. ती मशीन..."

"मशीन काय करी? मशीन तं तू चांगली लायी व्हती. मन्हा आवाज देऊळमा घुमस तसा वाटना मले." त्या हसल्या, हात तोंडापुढं धरून. कालपर्यंत त्या तोंड झाकून हसत नसत.

भाग्येश तिच्याशेजारी बसून शेंगा निवडू लागला.

दुपारी लग्न लागलं. भाग्येश स्टेजवर गिटार गळ्यात घालून उभा होता. मिक्सचं बटण त्यानं शून्यावर आणलं होतं. माईक स्टँडवर नुसताच होता. त्याला गजराबाई वरपक्षाच्या खुर्च्यांकडे जाताना दिसल्या. सिंधुबाईंसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले.

"चुकनं मन्हं, इहीनबाई. दात नहीत. शब्द पडी ग्यात."

सिंधुबाईंनी आधी तोंड फिरवलं. मग शेजारची खुर्ची ओढली. "मंग आते म्हना. तो माईक नको. तुमना तोंडनं आयकू द्या."

इतक्यात बाहेर वाजंत्री सुरू झाली आणि स्टेजपर्यंत काही ऐकू येईना. गजराबाई वाकून गात होत्या. सिंधुबाईंनी पदर तोंडात कोंबला, त्यांचे खांदे हलू लागले, मग त्यांनी गजराबाईंच्या दंडावर चापट मारली. बाया खुर्च्या सरकवत जवळ आल्या.

"त्या तुमच्या गल्लीतल्या काकू काय हसवतायत!" पुण्याचा मित्र स्टेजपाशी येऊन म्हणाला. "काय म्हणतायत?"

"मन्ही माय शे ती."

"काय?"

"माझी आई आहे."

मित्र त्याच्याकडे बघत राहिला. काल विचारलेलं त्याला आठवलं असावं. त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि तो पंगतीकडे निघून गेला.

तिकडं शेवटचं कडवं आलं होतं. ते भाग्येशला आईच्या डुलत्या मानेवरून कळलं. तो स्टेजच्या कडेपर्यंत गेला. गिटारपासून प्रोसेसरला गेलेली तार ताणली गेली, पुढं जाता येईना. तिचे ओठ हलताना दिसत होते. त्यांत यावेळीही आपलं नाव होतं की नाही, ते त्याला कळलं नाही.