शालीखालचा पुनर्जन्म

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात मेलेला मोबाइल आणि चेहऱ्यावर सुतक. समोर गादीवर चार्जरबाबा, गळ्यात तुटक्या वायरींची माळ. ते फोन शालीखाली घ्यायचे, डोळे मिटायचे, "ॐ सिग्नलाय नमऽऽः" असा सूर ताणायचे आणि फोन थरथरून जागा व्हायचा. एकाने तर आपल्याच फोनला वाकून नमस्कार केला.

दातांच्या डॉक्टरीणबाई सासूबाईंच्या मागे निमूट उभ्या होत्या. निमूट, कारण आरोपी त्याच. अपडेट करण्याचा त्यांना भारी नाद. घरचे फोन झाले, शेजाऱ्यांचे झाले, दाढ काढायला आलेल्यांचेही झाले. काल हौसेने सासूबाईंचा टॅब्लेट घेतला आणि तो काळाठिक्कर पडला. त्यात दिवंगत सासऱ्यांचं घोरणं होतं. ते रेकॉर्डिंग उशाशी लावल्याशिवाय सासूबाईंचा डोळा लागत नसे आणि नक्कल कुठेच नव्हती.

"तुझ्या अपडेटानं ह्यांना दुसऱ्यांदा नेलं गं!" म्हणत त्यांनी सुनेला टॅब्लेटला हातही लावू दिला नव्हता.

बाबांनी तो शालीखाली घेतला. "अपडेटपीडित जीव आहे. पुनर्जन्म द्यावा लागेल."

"द्या की मग!"

"पण माताजी, मागच्या जन्मीचं त्याला काही आठवणार नाही हं."

डॉक्टरीणबाईंनी कान टवकारले. शाल विरलेली होती. आतून उजेड झिरपत होता, पडद्यावर पर्यायांच्या चार ओळी दिसत होत्या आणि बाबांचा अंगठा कडेचं बटण दाबत दाबत सगळं पुसून टाकणाऱ्या ओळीकडे निघाला होता.

डॉक्टरीणबाईंनी शाल ओढली. "आई, हा माणूस मामंजींना पुसतोय!"

"स्पर्श नको! ऊर्जा सांडेल!"

"मी पुसून घेईन. आता दोन्ही हात वर करा, आ करा आणि मंत्र म्हणा."

बाबांनी तीनदा म्हटला. समोर ठेवलेला एका भक्ताचा फोन ढिम्म. "आज हवेत शंका फार आहे," बाबा म्हणाले.

"मंडळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बंद-चालूचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरा. मंत्र नको, जरा दम धरा. तोवर काहीही म्हणा."

कोणी तेराचा पाढा म्हटला, कोणी साडूला शिव्या घातल्या. फोन दोघांचेही थरथरले.

"अडकलेला फोन असाच पुन्हा सुरू होतो. मंत्र म्हणजे बोटांना मिळालेली सवड. त्यानं भागलं नाही की हे बाबा सगळं पुसतात आणि त्याला पुनर्जन्म म्हणतात."

बोलता बोलता त्यांनी टॅब्लेट उचलून त्यावरची पहिली ओळ निवडली, नुसती पुन्हा सुरू करण्याची. पडदा काळा झाला. मग उजेड आला, सासूबाईंचं बोट पडद्यावर टेकलं आणि लाकडाच्या वखारीत करवत चालावी तसा हॉल घोरू लागला.

मागून कोणीतरी भक्तिभावाने हात जोडले.

"जोडू नका!" सासूबाई कडाडल्या. "माणूस आहे तो, माझा. सर्दी झाली होती त्यांना." मग टॅब्लेट सुनेपुढे धरला. "आधी नक्कल काढ. मग कर काय ते तुझं अपडेट."

वाचकहो, तुम्हीही एवढं करा. जे पुन्हा मिळणार नाही त्याची नक्कल ठेवा आणि कोणी झाकून काही करू लागला, तर हात जोडण्याआधी उघड्यावर करून दाखवायला सांगा. खरं काम उजेडातही होतं.