वरचे दात

सूर्यभान आबांनी चाळीस वर्षं घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली केली. बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा, एक नजर टाकायची आणि दातांवरून वय सांगायचं, "चार दाती हाय. पुढच्या दिवाळीला सहा दाती हुईल." घेणारा पुन्हा विचारत नसे.

त्यामुळे त्यांची नात संस्कृती सात वर्षांची झाली, तिचे दुधाचे दात पडून समोर फटीचे, वेडेवाकडे दात आले, तेव्हा घरानं डॉक्टरच्या आधी आबांनाच विचारलं. आबांनी तिला हसायला सांगितलं, दोन घटका पाहिलं आणि निकाल दिला, "फट आपोआप बुजती. बारा वर्षांची होऊस्तवर कुनी हात लावायचा न्हाई."

सून सत्यशीला गावातच अंगणवाडी सेविका होती. दिवसभर तिच्यासमोर पंचवीस पोरं खिचडी खायची, त्यामुळे कोण कसं खातं हे तिच्या नजरेतून सुटत नसे. ती म्हणाली, "मामा, ही घास चावताना हनुवटी जरा बाजूला नेती. एकदा नगरला दाखवून येऊ का?"

"सवय आसंल. जाईल."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. हनुमंत टेम्पो पुसत होता. "आबा म्हणतात तर थांबू की," तो म्हणाला.

खरं तर सत्यशीलेच्या मनात दुसरंही काही होतं. पोरीचे दात असेच राहिले तर उद्या लोक नावं ठेवतील, ही भीती. त्या भीतीची तिला लाज वाटायची, म्हणून तिनं विषय पुन्हा काढला नाही.

दोन वर्षं गेली. संस्कृती चौथीत गेली. एका रविवारी ती पेरू खात ओट्यावर बसली होती. समोरच्या दातांनी तोडायचं सोडून तिनं पेरू गालाच्या बाजूला धरला होता.

"असा का खातेस गं?"

"पुढं दुखतं. आणि आई, हा खालचा दात मोठा व्हायलाय."

सत्यशीलेनं तिला उजेडात नेलं. दात मोठा झालाच नव्हता. त्याच्या मुळाशी हिरडी खाली सरकली होती, म्हणून तो शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसत होता.

त्या संध्याकाळी तिनं कुणाला विचारलं नाही, फक्त सांगितलं, "उद्या मी सुट्टी टाकलीय. संस्कृतीला घेऊन नगरला जाते."

आबा म्हणाले, "मी बी येतो." आपलंच म्हणणं खरं ठरेल, याची त्यांना खात्री होती.

डॉ. दया साळवे दात सरळ करण्याचंच काम करायच्या. त्यांनी संस्कृतीला खुर्चीत झोपवून बराच वेळ पाहिलं.

"तारा आत्ताच लावायच्या का?" सत्यशीलेनं विचारलं.

"आत्ता नाही. या फटीची काळजी करू नका. सुळे आले की ती बरीचशी मिटते. तारा लागतील का, ते अकरा-बारा वर्षांची झाली की ठरवू."

आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"पण हे बघा." डॉक्टरांनी संस्कृतीच्या हातात आरसा दिला. "आता दात मिटून दाखव बाळ. वरचा दात नेहमी खालच्याच्या पुढे असतो. हिचा हा एक मागे अडकलाय. प्रत्येक घासाला तो खालच्या दाताला बाहेर ढकलतो, म्हणून हिरडी उतरली. याला थांबायचं नसतं. दिसल्याबरोबर आणायचं."

"उशीर झाला?" सत्यशीलेनं विचारलं.

"थोडा. पण वेळ गेलेली नाही. काढता-घालता येणारी एक प्लेट देते. चार-पाच महिन्यांत दात पुढे येईल."

आबा खाली वाकून आरशात बघत राहिले. "हे तोंड मिटल्यावरच दिसतं व्हय?"

"हो, मिटल्यावरच."

बसस्टँडवर संस्कृती उसाचा रस पीत होती. आबा बाकावर टेकले आणि सत्यशीलेला म्हणाले, "बैलाला वर पुढचे दात नसतेत, ठाऊक हाय का तुला? नुसती कडक हिरडी आसती. जन्मभर मी खालचेच दात बघितले. वरचा खालच्यावर कसा बसतो, हा सवालच आमच्या धंद्यात न्हाई. आन् मी ठोकून दिलं, बारा वर्षांची होऊस्तवर थांबा."

सत्यशीलेनं संस्कृतीच्या हनुवटीवर सांडलेला रस पदरानं पुसला.

"तू सांगितलं हुतंस मला. हनुवटी बाजूला नेती म्हनून."

"सांगितलं होतं, मामा. पण एकदाच सांगितलं."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि तिच्यासाठीही एक ग्लास रस घेऊन आले. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत सासऱ्यांनी तिच्या हातात काही आणून दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

प्लेटचे पहिले आठ दिवस वाईट गेले. संस्कृतीला स्वतःचं नाव सांगताना शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं, वर्गातली पोरं मुद्दाम तिला नाव विचारायची. दोनदा तिनं प्लेट दप्तरात लपवली. सत्यशीला रागावली नाही. तिला आरशापुढे बसवून दात किती सरकला ते दाखवत राहिली. पाचव्या महिन्यात तो दात खालच्याच्या पुढे आला. हिरडी थोडी वर चढली, पण पुरती नाही. ती हळूहळू सुधारेल, नाहीतर मोठेपणी बघू, असं डॉक्टर म्हणाल्या.

"मग तारा कधी?" घरी आल्यावर संस्कृतीनं विचारलं.

"अजून दोन-तीन वर्षं. तोवर दर सहा महिन्यांनी दाखवायचं."

"आणि फट नाही बुजली तर? मला आवडती ती."

लोक काय म्हणतील, हे ओठांवर आलेलं सत्यशीलेनं परत गिळलं. "मग तेव्हा तुलाच विचारू," ती म्हणाली. "पण चावताना दुखत असंल तर तुझं ऐकणार नाही, डॉक्टरांचं ऐकणार."

हनुमंत दारातून म्हणाला, "पुढच्या वेळी मी टेम्पोनं सोडतो तुम्हाला."

"नुसतं सोडू नका, आत चला," सत्यशीला म्हणाली. "काय सांगतात ते तुमच्या कानानं ऐका."

"बरं," हनुमंत म्हणाला, आणि तारीख विचारून त्यानं मोबाईलमध्ये नोंदवून घेतली.