आक्काबाईची सोबतीण

मी आक्काबाईच्या कमरेची चंची बोलतेय. खरं म्हणजे कमरेची होते, आता खुंटीवर आहे. पण माहेर सुटलं तरी बाई माहेरचंच कौतुक सांगत राहते, तसं माझं समजा.

पाथर्डीच्या बाजूची माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. तसल्याच एका फडावर, पाचटानं शाकारलेल्या कोपीत बसून आक्काबाईनं मला शिवलं. तिच्या जुन्या खणाच्या चोळीचं कापड वरून, मांजरपाटाचं अस्तर आतून. पानाला एक कप्पा, सुपारीला एक, तंबाखू आणि चुन्याच्या डबीला तिसरा. नाडी गुंडाळून तिनं मला कमरेला खोचलं आणि उसाची मोळी डोक्यावर घेतली.

तेव्हापासून मी तिच्या पोटाशी होते. मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना ती दात कसे आवळायची, ते मला कळायचं. बाळंतपणानंतर चार दिवसही न टेकता ती फडात उतरली, तेही मला माहीत आहे. पुढं तिचं अंग बाहेर यायला लागलं. वाकली की खाली ओढल्यासारखं व्हायचं, खोकली की लुगडं ओलं व्हायचं. ती पदर सारखा करायची आणि कामाला लागायची. हे दोघींनाच ठाऊक, तिला आणि मला. मला बोलता येत नव्हतं आणि तिला लाज वाटत होती.

फड सुटला, वय झालं, दुखणं मात्र वाढलं. तिचा मुलगा अजिनाथ जीप चालवतो. आईवर जीव आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. त्यानं तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून स्टँडजवळच्या डॉक्टरकडं नेलं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं, अजिनाथकडं बघून.

"कंबर लई दुखती म्हंती," अजिनाथ म्हणाला.

"वय?"

"पंचाहत्तरच्या पुढं आसंल."

"मग दुखणारच. गाडी जुनी झाली की आवाज करते, तुम्हाला काय सांगायचं?"

दोघं हसले. आक्काबाईनं मला मुठीत घट्ट धरलं. दुखणाऱ्या बाईकडं डॉक्टरांनी एकदाही पाहिलं नव्हतं. मला अस्सा राग आला, पण चंचीच्या रागाला कोण भीक घालतो?

घरी आल्यावर ती म्हणाली, "आजिनाथ, मला बाईडाक्टरकडं ने."

"बाईडाक्टर? ती बाळंतपनाला आसती आये. तुला आता ह्या वयात काय करायची?"

पोटच्या पोराला काय सांगणार? तिनं पान लावलं आणि तोंडात घातलं.

पुढं नातसून अश्विनीला दिवस गेले. तिच्या सोबतीला म्हणून आक्काबाई पाथर्डीच्या बाईडॉक्टरकडं जाऊ लागली. आतून बाईडॉक्टरचा आवाज यायचा, "दुखतं का गं? कुठं दुखतं?" बाहेर बाकड्यावर आक्काबाई ते ऐकत राहायची. तिला आपल्यालाही कोणी तसं विचारावं असं फार वाटायचं. एकदा ती उठून दाराशी गेली, तर तिथली मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही सोबत आलाय ना? बाहेर बसा."

अश्विनीला मुलगी झाली. बाळाचं बारसं आटोपलं आणि एका सकाळी आक्काबाईनं नवं लुगडं नेसलं. कुणाला न सांगता तिनं एसटी पकडली. वय झालं म्हणून कंडक्टरनं तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. म्हातारपणानं एक दार तरी उघडलं म्हणायचं.

"पेशंट कुठंय, आजी?" दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं.

"म्याच हाय."

"इथं गरोदर बायका तपासतात. तुमच्या वयाला मोठा डॉक्टर बघा."

आक्काबाई हलली नाही. "पोरी, लेकरं ज्या अंगानं झाली ते अंग माझंच हाय. म्हातारी झाले म्हंजी ते शेजारनीचं झालं व्हय?"

बाकड्यावरच्या पोटुश्या पोरी हसू लागल्या, पण आतून बाईडॉक्टरचा आवाज आला, "आत पाठव त्यांना."

टेबलापुढं दोन खुर्च्या होत्या. "सोबत कोण आलंय?" बाईडॉक्टरनं विचारलं.

"कुनी न्हाई."

"बसा. काय होतंय तुम्हाला?"

तुम्हाला. मी इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी झुरले, तो हा. आक्काबाईनं सगळं सांगितलं, अगदी फळीवरच्या मोळीपासून.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुनी इचारलंच न्हाई, बाई."

तपासायला झोपताना तिनं मला सोडलं आणि दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. पडद्याआड ती होती. सोबतीच्या खुर्चीवर मी ताठ बसून राहिले. आयुष्यात मला तेवढा मान कधी मिळाला नव्हता.

ऑपरेशननं बरं वाटेल, बाईडॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "पण आजी, ही सुटली पाहिजे. तंबाखू बंद."

आक्काबाईनं मला खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "सोडते."

अजिनाथला तिनं अश्विनीकरवी कळवलं. तो मान खाली घालून ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात बसून होता म्हणे. म्हणे, कारण मी नव्हते. मी इथं खुंटीवर, रिकाम्या कप्प्यांची.

आता ती सरळ चालते, मोकळेपणानं खोकते. जेवण झालं की तिचा हात अजून कमरेकडं जातो, चाचपतो, आणि थांबतो. मग ती वर माझ्याकडं बघते. मला तिच्या पोटाची ऊब आठवते आणि जीव कासावीस होतो.

बाई, मोह झाला तरी मला भरू नकोस. मी राहीन इथं. फक्त पुन्हा पाथर्डीला दाखवायला जाशील तेव्हा मोकळीच का होईना, मला घेऊन जा. सोबत कोण आलंय विचारलं, तर कुनी न्हाई म्हणू नकोस.