गाराबेद मास्तरांचा धडा

अपूर्वाने आणखी एका मोकळ्या जागेत पेन्सिलीने ‘देश’ लिहिलं, थोडा वेळ पाहिलं आणि खोडलं. बाबांच्या हस्तलिखितात अशा जागा पानोपानी होत्या. सकाळीच पुण्याहून प्रकाशक सोमनाथरावांचा फोन आला होता.

“ताई, वाचक म्हणतील छपाई चुकली. सोमवारपर्यंत शब्द भरून द्या, नाहीतर मी जागा मिटवून टाकतो.”

बाबांना जाऊन महिना झाला होता. विचारणार कुणाला? ती बाड घेऊन समोरच्या दारी गेली.

आराक्सी आंटी मूळच्या अलेप्पोच्या. आखातातल्या अल नहदा वस्तीतल्या या इमारतीत बाबांइतक्याच जुन्या. त्यांचे आजोबा गाराबेद तुर्की सुलतानाच्या राज्यात आर्मेनियन शाळेत मास्तर होते. मुलांसाठी धडे लिहायचे. एका सकाळी शिपाई त्यांना वर्गातून घेऊन गेले, ते परत आले नाहीत. आंटींनी ते धडे मोडक्या हिंदीत सांगायचे आणि बाबांनी मराठीत लिहायचे, अशी सहा वर्षं गेली होती.

“यल्ला, बस आधी.” आंटींनी कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं. “तुझा बाबा माझ्या कॉफीला कडू म्हणायचा आणि तीन कप प्यायचा.”

अपूर्वाने पान पुढे केलं. “या धड्यात इथे कोणते शब्द होते, आंटी?”

“सरकारी माणसाने खोडलेले. आजोबांनी त्या जागी दुसरे घातले नाहीत. वाचताना तिथे आलं की सगळा वर्ग गप्प. शब्द म्हणायला लागेल तितका वेळ. मग पुढे.”

“पण शब्द कोणते?”

“ज्या मुलांना ठाऊक होते, ती कुठे राहिली?” आंटींनी गॅस बारीक केला. “आई मला वाचून दाखवायची. तिथे थांबायची. मी थांबणं तेवढं शिकले.”

मग म्हणाल्या, “पहिलं पान वाच. मराठीतच. ते तुझ्या बाबाने मला कधी ऐकवलं नाही.”

पहिलं पान अर्पणपत्रिकेचं. बाबांचं ते पुरं लिहायचं राहून गेलं, असं समजून अपूर्वाने बाजूला ठेवलेलं.

“माझी मुलं, अपूर्वा आणि...”

पुढे मोकळी जागा होती. लहानशी.

तिच्या भावाला, दर्शनला, समुद्राने नेलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्यानंतर बाबांनी त्याचं नाव घेतलं नाही. आईने घेतलं, की ते उठून बाल्कनीत जायचे. बाबा त्याला विसरले, हे अपूर्वाने पंचवीस वर्षं मनात धरून ठेवलं होतं.

ती थांबली. दर्शन म्हणायला लागतो तितका वेळ. आंटींनी मान खाली घातली होती.

“...यांना,” तिने वाचलं.

“बरोबर थांबलीस,” आंटी म्हणाल्या. कॉफी उतू गेली होती.

घरी येऊन अपूर्वाने पेन्सिलीचे सगळे शब्द एकेक करून खोडले आणि फोन लावला.

“जागा आहेत तशाच छापा, सोमनाथराव.”

“बघा बुवा. पण अर्पणपत्रिकेत तर नावच राहिलंय, ताई.”

“राहिलं नाही,” अपूर्वा म्हणाली. “आहे तिथे.”