समोरचा

“काय केलं हो त्यानं आज?”

मालिका संपून नावं सरकायला लागली की आमची ही बेडरूमच्या दारात येऊन हा एकच प्रश्न विचारायची. बाहेर हॉलमध्ये ती स्वतः लिहिलेली मालिका बघायची आणि आत पलंगावर बसून मी तिच्या प्रतिस्पर्ध्याची. दोन्ही रोज आठला, दोन वेगळ्या चॅनेलवर. तिची मालिका सुरू झाली त्याच आठवड्यात घरचा हेर म्हणून माझी नेमणूक झाली. एरवी मी कवळ्या तयार करतो. लोकांना खोटे दात बसवून पोट भरणाऱ्या माणसाला हेरगिरी जड जाणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

“आज कुणी बोललंच नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

समोरच्याच्या, म्हणजे त्या प्रतिस्पर्ध्याच्या मालिकेत एक लाँड्रीवाली होती. लग्न न करता बहिऱ्या बापाला सांभाळणारी, कुणाची मिंधी न राहणारी बाई. डॉक्टरनं सांगितलेली वाईट बातमी तिनं त्या दिवशी बापाला हातवाऱ्यांनी सांगितली होती. अर्धा तास इस्त्रीच्या वाफेखेरीज आवाज नाही. मी सांगत गेलो तशी ही पलंगाच्या कडेला टेकली.

“मेल्यानं मारलं मला,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला होता की कुणाला वाटावं, हिचंच कौतुक झालंय.

त्यानंतर आठवडाभर ती माणसात नव्हती. तिची मालिका बेकरी चालवणाऱ्या दोन भावांची. एकमेकांच्या वाकड्यात शिरलेल्या त्या भावांना तिनं एका भागात बिघडलेल्या भट्टीसमोर कोंडलं आणि अशी काही जुंपून दिली की आमच्या शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी सख्ख्या भावाला फोन केला. मग समोरच्यानं आणखी काही काढलं. असं बारा वर्षं चाललं होतं. त्याला तिनं एकदाच, एका समारंभात लांबून पाहिलं होतं. दोघंही एकमेकांकडे चोरून बघत होती आणि बोलायला कुणी गेलं नाही. घरात त्याचं नाव कधी घेतलं गेलं नाही. तो नुसता समोरचा.

मग एका मोठ्या कंपनीनं दोन्ही चॅनेल विकत घेतली.

नव्या साहेबांनी हिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. हिच्या मालिकेचे जुने भाग त्यानं खरोखर पाहिले होते, खुर्चीही स्वतः ओढून दिली. म्हणाला, आपल्याच दोन मालिका एकाच वेळी लावून आपणच आपले प्रेक्षक कापतोय, यात काही शहाणपण नाही. त्यामुळे लाँड्रीवाली बंद होणार, बेकरी चालू राहणार. आता तुम्हाला स्पर्धाच नाही, तुम्ही निवांत लिहा.

“निवांत लिही म्हणतो,” ती घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली. “मेल्यावर लिहिते म्हणावं.”

बातमी फुटली आणि अभिनंदनाचे फोन सुरू झाले. माझ्या बहिणीनं तर ‘वहिनी जिंकली’ असं सगळ्या नातेवाइकांत करून टाकलं. जिंकलेली वहिनी मात्र चार ओळी लिहायची आणि खोडायची. भाग निघत होते, पण बेकरीतले भाऊ नुसते गोड बोलायला लागले होते. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती चिडली नाही, हेच मला खटकलं. हिला चिडताना बघत मी संसार केलाय.

पुढचा फोन आला तो वेगळ्याच कामाचा. कंपनीला लाँड्रीवाली नुसती बंद करायची नव्हती, तिचे प्रेक्षक बेकरीत आणायचे होते. म्हणून शेवटच्या भागात तिचं बेकरीतल्या धाकट्या भावाशी लग्न ठरवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून ती इकडे नांदायला मोकळी. समोरच्यानं ते लिहायला साफ नकार दिला. बारा वर्षं जी स्वतःच्या पायावर उभी आहे, ती न पाहिलेल्या बेकरीवाल्याच्या गळ्यात माळ घालणार नाही, असं सांगून तो मीटिंगमधून उठून गेला. आता तो भाग हिनं लिहायचा होता.

ही हो म्हणाली.

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अगं, त्याच्या पोरीला तू त्याच्यादेखत दुसऱ्याच्या घरी ढकलणार?”

“मी नाही लिहिलं तर कोण लिहील?” तिनं विचारलं. “त्यांच्याकडे एका खोलीत बसवलेली मुलं आहेत, एकेकाकडे चार-चार मालिका. त्यांनी ती लाँड्रीवाली कधी बघितलीय का?”

“मग?”

“मी रोज ऐकलीय. तुमच्या तोंडून.”

मला काही ते पटलं नाही. त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. तिनं मला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, लाँड्रीवाली कपडे देताना काय म्हणते, पैसे कोणत्या हातानं घेते, चिडली की गप्प होते की बोलते. मी फुगून बसलो होतो तरी उत्तरं देत होतो. आतून मला ती बाई हवी होती. रोज संध्याकाळी भेटणारं माणूस उद्यापासून दिसणार नाही, याचं मला फार वाईट वाटत होतं.

या धंद्याची एक रीत आहे. सकाळी कागद सेटवर जातात, दिवसभर चित्रीकरण, संध्याकाळी भाग लागतो. वर साहेबांकडे जातो तो दोन ओळींचा सारांश. हिनं लिहून पाठवलं, ‘लाँड्रीवाली बेकरीत येते. धाकटा भाऊ तिला लग्नाची मागणी घालतो.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्या दिवशी बेकरीच्या जागी खास भाग म्हणून दोन्ही चॅनेलवर लाँड्रीवालीच होती. बारा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं हॉलमध्ये शेजारी बसलो.

लाँड्रीवाली बेकरीत आली. हातात इस्त्री केलेल्या एप्रनचा गठ्ठा. धाकट्यानं अडखळत मागणी घातली, आणि पोरगा इतका चांगला की मलाही क्षणभर वाटलं, हो म्हण बाई. ती सगळी बेकरी निरखत राहिली. मग म्हणाली, “तुमचं दुकान छान आहे. पण मला माझं आहे.” गठ्ठा काउंटरवर ठेवला, एप्रन मोजून घ्यायला सांगितले आणि ती रस्ता ओलांडून गेली. लाँड्रीचं शटर वर सरकलं. आत बाप बसलेला. तिनं त्याला हातांनी काहीतरी सांगितलं, ते काय ते आम्हाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, आणि तो म्हातारा खो खो हसत सुटला. नावं सरकू लागली. लेखक म्हणून समोरच्याचंच नाव होतं. ते बदलू नका असं हिनं संकलकाला बजावलं होतं.

मी डोळे पुसले. बायकोबद्दल मनात आणलेलं सगळं मागे घेतलं, आणि तसं तिला बोलूनही दाखवलं. तिनं मला उशी फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी बोलावलं. बेकरी आता खोलीतली मुलं लिहिणार होती. त्यांनी आवाज चढवला नाही, उलट भाग सुंदर होता असं म्हणाले, म्हणून तर जास्तच वाईट वाटतं म्हणाले. सगळं सांगताना ती स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ टेकवून उभी होती. बारा वर्षं जपलेले दोन भाऊ तिच्या हातून गेले होते. धाकट्याचं नाव घेताना तिला मध्येच थांबावं लागलं. मी तिचा हात धरला आणि सोडला नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. तिनं कानाला लावला आणि ताठ उभी राहिली. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, घोगरा, जरा लाजरा.

“बाई, मी बोलतोय. लाँड्रीवालीचा... म्हणजे तुमच्या समोरचा.”

यानंही घरी हिला ‘समोरची’ असंच नाव ठेवलं असणार.

“शेवट तुम्ही चांगला केलात,” तो म्हणाला. “मला इतका चांगला जमला नसता. फार बरं वाटलं. फक्त एक आहे. ‘तुमचं दुकान छान आहे’ असं ती म्हणाली नसती. ती उगाच कुणाचं कौतुक करत नाही.”

दोघांनाही कंपनीनं घरी बसवलं होतं. उद्या काय लिहायचं, कुणासाठी, दोघांनाही ठाऊक नव्हतं. आणि हिच्या कपाळावर ती आठी चढली, जी मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. तिनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि पायानं खुर्ची ओढली.

“ते कौतुक नव्हतं,” ती म्हणाली. “तुम्ही आधी बसा. तुमची बाई कशी आहे, ते मी तुम्हाला सांगते.”