डावखुरं रीळ

"हा?" तिने पितळी चकत्यांचा नकली मासा त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"बरं," तो म्हणाला.

पण हे बरं म्हणजे नाही, एवढं तिला कळायला लागलं होतं. आवाज खाली पाडून, तोंड जरा वाकडं करून म्हटलेलं बरं. तिने चकत्यांचा मासा डब्यात ठेवला आणि पुढचा उचलला. हा लाकडी होता, पोटाला गळ, जबड्याखाली प्लास्टिकची जीभ.

"मग हा? छान रंगवलाय की."

"बरं."

"तोही नाही. अहो, निदान मान तरी हलवा."

त्याने मान हलवली, आणि त्याला हसू आलं. अर्ध्याच तोंडाने आलं, पण आलं.

पक्षाघाताने त्याच्याजवळ हा एवढाच शब्द ठेवला होता. समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. तहान लागली तरी बरं, उशी टोचली तरी बरं, लेकीचा फोन आला तरी बरं. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला हात. आता शर्टाचं बटणही तिलाच लावावं लागे.

आदल्या आठवड्यात कपाट आवरताना तिने मासेमारीचा हा डबा बाहेर काढला होता. चाकांच्या खुर्चीतून त्याने डावा हात पुढे केला आणि डब्याची कडी धरली ती सोडेचना. "तळ्यावर जायचंय का?" तिने विचारलं. तेव्हाचं बरं कुणालाही कळलं असतं.

म्हणून ती आज इथे आली होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तळं मोठं होतं. पलीकडच्या काठाला लव्हाळी माजली होती आणि अलीकडे, लाकडी धक्क्याजवळ, पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे काळे दिसत होते. वाऱ्याने पाणी गढूळ झालं होतं. डबा उघडला तेव्हा तिला वाटलं होतं, ही तर नुसती खेळणी. कुठलंही एक लावावं आणि फेकावं. पण तो एकेकाला नाही म्हणत चालला होता, आणि नाही म्हणताना आधी पाण्याकडे बघत होता. चकाकणारे नकोत. पाण्यावर तरंगणारा बेडूक नको. शेवटी तळाच्या कप्प्यातलं काळं रबरी गांडूळ तिने दोन बोटांत धरलं, जरा किळस येऊनच.

"बरं!" तो म्हणाला. खुर्चीत पुढे सरकला.

"अरे देवा. एवढी रंगीत खेळणी सोडून हे?"

गांडूळ गळात ओवायला तिला वेळ लागला नाही. पडदे शिवणाऱ्या बाईला सुईची काय भीती? पण गळाची काठी हातात घेतली आणि तिची पंचाईत झाली. ती डावखुरी. दोरा गुंडाळायच्या रिळाची मूठ डाव्या बाजूला, म्हणजे काठी उजव्या हातात धरायची. पहिली फेक धक्क्याच्या खांबाला अडकली. दुसरी पायाशीच पडली.

होड्या भाड्याने देणारा बोटवाला टपरीतून हे सगळं बघत होता. तो उठून आला, वाकून गुंतलेला तंगुसाचा दोरा सोडवून दिला आणि खुर्चीतल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनी ना तुम्ही? बरं झालं आलात. भाऊ म्हणायचेच, एक दिवस घेऊन येतो म्हणून." मग तिच्या हातांकडे बघून तो हळहळला. "डाव्या हाताला हे रीळ नाही चालायचं. ते असतं ना आत्ता, तर काम झालं असतं."

"कुठलं ते?"

"तुमचं. तुमच्यासाठी मुद्दाम मागवलेलं. डावखुऱ्यांचं रीळ, मूठ उजवीकडे. सहज मिळत नाही ते. घरी नेलं तर तुम्ही हसाल म्हणून माझ्याच टपरीत टांगून ठेवलं होतं. मी मधूनमधून तेल घालायचो."

"मग आहे कुठे?"

बोटवाल्याने खाली बघितलं. "विकलं, वहिनी. भाऊच एकदा म्हणाले, कुणी डावखुरा आला तर देऊन टाक, ती काही येत नाही. आला एक जण. कोण, कुठला, काही माहीत नाही. परत कधी दिसला नाही."

ती नवऱ्याकडे वळली. "खरं आहे हे?"

"बरं," तो म्हणाला. तळ्याकडे बघत म्हणाला. आणि ते कुठलं बरं होतं, हे मात्र तिला कळलं नाही.

तो पूर्वी विचारायचा. दर रविवारी पहाटे बूट घालता घालता, "येतेस?" ती अंथरुणातूनच म्हणायची, "दुकान कोण उघडणार?" ती कामाला होती त्या पडद्यांच्या दुकानात रविवारी गर्दी, हे खरंच होतं. पण दुसरंही एक होतं. तिला वाटायचं, हा माणूस आपल्या बडबडीपासून सुटका म्हणून जातो. मग कशाला त्याच्या शांततेत जाऊन बसा? तो तोंडदेखलं विचारतो, आपण तोंडदेखलं नाही म्हणावं.

आणि मग ते लेकीच्या लग्नाच्या वेळचं जेवण. व्याही, विहीणबाई, सगळे टेबलाभोवती. कुणीतरी कौतुकाने विचारलं, कुठला मासा पकडता तुम्ही? तो म्हणाला, बास. लगेच ती म्हणाली होती, "म्हणून तर यांना बास म्हटलं तरी थांबायचं कळत नाही! यांचा संसार त्या तळ्याशीच. मी आपली घरची भाडेकरू." सगळे खदखदून हसले. तोही हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यानंतरच्या रविवारी त्याने विचारलं नाही. मग कधीच नाही. आणि तिच्याही ते बरेच दिवस लक्षात आलं नाही. खरी टोचणी तीच होती.

"हळू ओढायचं असतं हे," बोटवाला सांगत होता. "मासा तळाशी, बुंध्याच्या सावलीत बसलेला असतो. गांडूळ जरा सरकवायचं, मग तसंच पडू द्यायचं. घाई केली की संपलं."

घाई हा तर तिचा स्वभाव. मशीनवर बसली की सुई दिसत नसे. तिने गांडूळ फेकलं, ते बऱ्यापैकी बुंध्यांजवळ पडलं, आणि ती भराभर मूठ फिरवू लागली. तेव्हा तिच्या कोपराला काहीतरी लागलं. त्याचा डावा हात होता. त्याने कोपर दाबून धरलं. ती थांबली. मग त्याने पकड किंचित सैल केली; तिने मूठ अर्धी फिरवली. पुन्हा दाबलं. ती थांबली. किती तरी वेळ दोघं असेच होते. तो दाबेल तेव्हा थांबायचं, सोडेल तेव्हा सरकवायचं. ती एक शब्द बोलली नाही. तिला न बोलता एवढा वेळ बसता येतं, हे तिचं तिलाच नवीन होतं.

तंगुसावर टकटक झाली. दारावर कुणी नखाने वाजवावं तशी. ती दचकली, काठी हिसकली आणि गांडूळ रिकामं उडून आलं.

"गेला! माझ्यामुळे गेला."

"बरं," तो म्हणाला. जाऊ दे, असं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पुन्हा टकटक झाली. या वेळी त्याने कोपर दाबूनच ठेवलं. तंगूस बाजूला सरकायला लागला, तरी तो सोडेना. आणि मग एकदम सोडलं. तिने काठी उचलली, काठी वाकली, आणि तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की बोटवाला टपरीतून धावत आला. मासा पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं, खाली गेला, पुन्हा आला. हिरवट पाठ, अंगावर काळी रेघ, हे एवढं तोंड. धक्क्याशी आल्यावर बोटवाल्याने तो उचलून खुर्चीपाशी नेला. तिच्या नवऱ्याने डाव्या हाताचा अंगठा त्याच्या खालच्या ओठात घालून तो धरला, सराईतपणे, जणू मधले महिने गेलेच नव्हते.

तो मासा तिला दाखवत होता. तिने पकडलेला मासा, तिलाच.

"किती हो देखणा," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून रडली.

सोमवारी तिने दुकानाच्या मालकाला सांगितलं, यापुढे रविवारी येणार नाही. वाद होईल म्हणून रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. मालक कापड मोजता मोजता म्हणाला, "ठीक आहे की, मावशी. आधीच सांगायचं ना. मला वाटायचं, तुम्हालाच रविवारी घरी करमत नाही."

त्यानंतरचे रविवार त्यांना मिळाले, थंडी पडेपर्यंतचे. ती उजव्या हाताने बऱ्यापैकी फेकायला शिकली. पाणी निवळशंख असलं की चकत्या नकोत, मातकट रंगाचं काहीतरी हवं, हे शिकली. ढगाळ दिवशी लाकडी मासा बुंध्यांवर आपटत आणायचा, तो ठेचकाळला की बास अंगावर येतो, हेही शिकली. पण काही गोष्टी शिकायच्या राहिल्या. तळाच्या कप्प्यातला एक निळा मासा त्याने कधीच लावू दिला नाही. का, ते तिने खूप वेळा विचारलं. त्यानेही प्रत्येक वेळी काहीतरी सांगितलं, लांबलचक, वेगवेगळ्या सुरांत, डोळे मोठे करून. तिला काही म्हणता काही समजलं नाही. पूर्वी तो सांगू शकत होता, तेव्हा तिने विचारलं नव्हतं.

हिवाळ्यात दुसरा झटका आला. त्यात तो झोपेतच गेला.

"आई, तो डबा कुणाला तरी देऊन टाकू या का?" लेकीने विचारलं. "तुला बघून त्रास होईल."

"होऊ दे," ती म्हणाली.

हवा जरा तापल्यावर ती बसने तळ्यावर आली. बोटवाल्याने छोटी होडी दिली, पैसे घेतले नाहीत, फार बोललाही नाही. ती वल्हवत लव्हाळ्यांपर्यंत गेली. दुपारी एक बास लागला. यापूर्वी लागलेल्या सगळ्यांहून मोठा. तिने काठी घाई न करता सांभाळली, मासा दमू दिला, होडीजवळ आणला, अंगठा त्याच्या ओठात घातला आणि वर उचलला.

तो जड होता. तिने इकडेतिकडे बघितलं. लांबवर एक होडी होती; तिच्यातली दोघं पाठमोरी बसली होती. काठावर कुणी नव्हतं. तरीही तिने मासा हात पुरेल तेवढा उंच धरला, उन्हात, दंड भरून येईपर्यंत. मग ती वाकली, त्याला पाण्यात धरून ठेवलं, आणि त्याची शेपटी हलायला लागल्यावर हात काढून घेतला.